विंडोज पीसीत कोणते लॉग चालू करावेत आणि ते कसे वाचावेत?

प्रश्न: अंबड एमआयडीसीतल्या एका मशीनिंग युनिटच्या ऑफिसात विंडोजचे तीन पीसी आहेत. पहिला दिवसातून कधीतरी आपोआप रीस्टार्ट होतो. दुसऱ्याला जोडलेल्या शेअर प्रिंटरवर पाठवलेली डिलिव्हरी चलनं अधूनमधून निघतच नाहीत. तिसऱ्यावरच्या शेअर फोल्डरमधून कोटेशनच्या एक्सेल फाइल्स गायब होतात. दुरुस्तीला आलेल्यांनी ‘लॉग चालू करून ठेवा, पुन्हा झालं की बघू’ असं सांगितलं. ते कसं करायचं? त्यानं पीसी स्लो होतील का?

उत्तर:

तुमचे तीन त्रास वेगळे आहेत आणि त्यांचे लॉगही वेगळे आहेत. लॉग म्हणजे पीसीत काय घडलं याची विंडोजनं वेळेसकट लिहिलेली वही. रीस्टार्टचा लॉग विंडोज पहिल्या दिवसापासून लिहितंच आहे, फक्त तो उघडून बघायचा आहे. प्रिंटचा सविस्तर लॉग मुळात बंद असतो, तो एका क्लिकनं चालू होतो. फाइल कोणी काढली याची नोंद मात्र दोन ठिकाणी चालू करावी लागते. त्यातलं एक राहिलं तर काहीच लिहिलं जात नाही. पहिल्या दोन लॉगमुळे पीसी स्लो होत नाही. तिसरा सरसकट अख्ख्या ड्राइव्हला लावला तर त्रास देतो. म्हणून ‘सगळंच चालू करून ठेवू’ हा विचार सोडा. ज्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, तेवढाच लॉग चालू करायचा.

सगळ्यात आधी तिन्ही पीसींची घड्याळं जुळवा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम, तिथं ‘सिंक नाउ’ दाबा आणि टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक ५:३० आहे याची खात्री करा. रात्री मेन स्विच बंद केल्यावर सकाळी एखाद्या पीसीचं घड्याळ मागे गेलेलं दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. हे किरकोळ वाटतं, पण लॉगमध्ये वेळ हाच धागा असतो. एका पीसीवरची नोंद दुसऱ्या पीसीवरच्या नोंदीशी जुळवायची तर दहा मिनिटांचा फरकसुद्धा घोळ घालतो. अजून एक लक्षात ठेवा: यादीत दिसणारी वेळ आपली असते, पण नोंदीच्या डिटेल्समध्ये एक्सएमएल व्ह्यू उघडला की तिथली वेळ यूटीसी असते. दुपारी ३:१० ला घडलेली गोष्ट तिथं ०९:४० दिसेल.

आता पहिला पीसी. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, मेनूतून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे लॉग वाचायचा विंडोजचा प्रोग्राम, उघडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटनं लॉगिन असू द्या, नाहीतर सिक्युरिटी लॉग उघडणार नाही. डावीकडे विंडोज लॉग्ज उघडून सिस्टमवर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीज बघा. मॅक्सिमम लॉग साइझ बहुतेक २०४८० केबी असेल. ती ६५५३६ केबी करा, म्हणजे ६४ एमबी. आजच्या डिस्कच्या मानानं ही जागा नगण्य आहे आणि जुन्या नोंदी बराच काळ टिकतात. खाली तीन पर्याय दिसतील. ‘ओव्हरराइट इव्हेंट्स अ‍ॅज नीडेड’ हाच राहू द्या. ‘आर्काइव्ह’ निवडलं तर लॉग भरला की त्याची फाइल बाजूला ठेवून नवी सुरू होते आणि लक्ष नसेल तर सी ड्राइव्ह हळूहळू भरत जातो. ‘डू नॉट ओव्हरराइट’ निवडलं तर लॉग भरला की लिहिणंच थांबतं.

यादीत हजारो नोंदी असतील, त्यातल्या लाल-पिवळ्या खुणा बघून घाबरू नका. धडधाकट पीसीतसुद्धा अशा बऱ्याच असतात. उजवीकडे ‘क्रिएट कस्टम व्ह्यू’ घ्या, लॉग म्हणून सिस्टम निवडा आणि इव्हेंट आयडीच्या (नोंदीच्या प्रकाराचा क्रमांक) चौकटीत हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका: ४१, १०७४, ६००५, ६००६, ६००८, १००१. या व्ह्यूला ‘रीस्टार्ट’ नाव द्या. पुढची सगळी उकल यातूनच होते.

१०७४ म्हणजे कोणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रामनं रीतसर रीस्टार्ट मागितला. नोंदीत प्रोग्रामचं आणि युजरचं नाव असतं. तुमच्या ‘आपोआप’ रीस्टार्टच्या वेळेला १०७४ दिसली तर पीसी बिघडलेला नाही. अपडेट किंवा एखादं इन्स्टॉलेशन तो रीस्टार्ट करतंय. ६००६ म्हणजे लॉग सर्व्हिस नीट थांबली, ६००५ म्हणजे ती सुरू झाली. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. ४१ ही कर्नल-पॉवरची नोंद, तिचाही अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला.

इथं बहुतेकांची गफलत होते. ४१ ची नोंद पीसी पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे तिच्यापुढची वेळ बिघाडाची नसते. पीसी रात्री बंद पडला आणि सकाळी सुरू केला, तर ४१ सकाळची दिसेल. बिघाडाच्या जवळची वेळ ६००८ च्या मजकुरात असते: मागचं शटडाउन अमुक वाजता अनपेक्षितपणे झालं, असं तिथं लिहिलेलं असतं. त्यातही थोडा मागेपुढे फरक पडू शकतो. त्या वेळेच्या आधीची पाच-दहा मिनिटं ‘रीस्टार्ट’ व्ह्यूमध्ये नाही, तर अख्ख्या सिस्टम लॉगमध्ये वाचा. डिस्क नावाच्या सोर्सच्या ७, ५१ किंवा १५३ अशा नोंदी, एनटीएफएसची (विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवण्याची पद्धत) ५५, किंवा डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची कुठलीही नोंद तिथं सापडली तर ती महत्त्वाची. पहिल्या दोन गटांतल्या नोंदी डिस्ककडे, तिच्या केबलकडे किंवा कंट्रोलरकडे बोट दाखवतात. डब्ल्यूएचईए प्रोसेसर, मेमरी, मदरबोर्ड अशा हार्डवेअरमधल्या चुका सांगतो. डिस्कच्या नोंदी दिसल्या तर बाकी तपास बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या.

४१ वर डबल क्लिक करून डिटेल्समध्ये फ्रेंडली व्ह्यू बघा. बगचेककोड आणि पॉवरबटनटाइमस्टॅम्प हे दोन आकडे कामाचे आहेत. टाइमस्टॅम्प शून्य नसेल तर कोणीतरी पॉवर बटण दाबून धरलं होतं. म्हणजे पीसी हँग झाला असेल आणि वापरणाऱ्यानं तो जबरदस्तीनं बंद केला असेल. त्यांना विचारा. बगचेककोड शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती, म्हणजे विंडोज स्वतःच कोसळलं होतं. हा कोड इथं दशमान पद्धतीत लिहितात आणि इतर सगळीकडे तो हेक्समध्ये (सोळाच्या पटीतली आकडेपद्धत) सापडतो. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये बदलून घ्या: २९२ म्हणजे हेक्स १२४, हार्डवेअरची न सुधारता आलेली चूक, १५९ म्हणजे ९एफ, ड्रायव्हरचा पॉवरशी संबंधित गोंधळ, २६ म्हणजे १ए, मेमरी, १२२ म्हणजे ७ए, डिस्कवर ठेवलेला मेमरीचा तुकडा वाचता न येणं.

दोन्ही आकडे शून्य असतील तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली किंवा सगळं गोठलं. अशा वेळी सॉफ्टवेअर उकरत बसू नका. मशीनिंग युनिटमध्ये मला आधी संशय येतो तो वीजपुरवठ्याचा. कॉम्प्रेसर किंवा मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, ट्यूबलाइट लुकलुकते, आणि थकलेला एसएमपीएस, म्हणजे पीसीतला वीज पुरवणारा डबा, तेवढंही सोसत नाही. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बॅटरी म्हातारी झाली असेल तर यूपीएस बॅटरीवर जातानाच पीसीला झटका बसतो. काम सेव्ह करून, पीसी चालू ठेवून यूपीएसचा स्विच भिंतीवर बंद करा आणि बघा. ऑफिसात एक वही ठेवा: लाइट कधी गेली, कॉम्प्रेसर कधी सुरू झाला, वेल्डिंग कधी चाललं होतं. या वेळा ६००८ च्या वेळांशी जुळल्या तर कारण सापडलं. जुळल्या नाहीत तर केस उघडून धूळ बघा. ग्राइंडिंगची बारीक धातूची धूळ पंख्यात आणि एसएमपीएसमध्ये साचते. ती उष्णता कोंडते आणि वीजवाहकही असते.

ब्लू स्क्रीनच्या शक्यतेसाठी आजच एक सेटिंग तपासा. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधा, तिथं स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खालचं सेटिंग्ज बटण दाबा. ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा, म्हणजे निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) स्क्रीन तसाच थांबेल आणि त्यावरच्या कोडचा मोबाइलनं फोटो घेता येईल. ‘राइट डीबगिंग इन्फर्मेशन’मध्ये ‘ऑटोमॅटिक मेमरी डंप’ ठेवा. डंप म्हणजे कोसळण्याच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल. डंप लिहिण्यासाठी सी ड्राइव्हवर पेज फाइल (मेमरीला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) लागते. पीसी ‘फास्ट’ करण्याच्या नादात कोणी ती बंद केली असेल तर डंप तयारच होत नाही, तेव्हा ती ‘सिस्टम मॅनेज्ड’वर परत आणा. डोमेनला (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या व्यवस्थेला) न जोडलेल्या पीसीत सी ड्राइव्हवर २५ जीबीपेक्षा कमी जागा उरली असेल तर विंडोज मोठा डंप ठेवत नाही. त्याच चौकटीत डिस्कची जागा कमी असताना डंप आपोआप काढू नको, असं सांगणारी खूण आहे, ती करून ठेवा. डंप विंडोज फोल्डरमध्ये ‘मेमरी’ नावानं आणि छोटे डंप ‘मिनीडंप’ या उपफोल्डरमध्ये मिळतात. १००१ ची नोंद कोड आणि डंपचा पत्ता दोन्ही देते. सफाई करणारे प्रोग्राम हे डंप पहिल्या फटक्यात उडवतात, तपास संपेपर्यंत ते चालवू नका.

तपास चालू आहे तोवर फास्ट स्टार्टअपही बंद ठेवा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. ते चालू असताना शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थानं बंद होत नाही, हायबरनेट होतो, म्हणजे त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. त्यामुळे ६००५-६००६ ची जोडी दिसत नाही आणि कुठलं बंद होणं खरं, कुठलं नाही, हे वाचणं अवघड होतं.

प्रिंटरचं काम सोपं आहे. प्रिंटर ज्या पीसीला यूएसबीनं जोडलाय, त्या पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. प्रिंटर नेटवर्कवर असेल आणि प्रत्येक पीसीत थेट आयपीनं जोडला असेल तर तिन्ही पीसींवर हे करावं लागेल. अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस असं उतरत जा. तिथं अ‍ॅडमिन हा लॉग आधीपासून चालू असतो, पण त्यात फक्त चुका येतात. ऑपरेशनलवर राइट क्लिक करून ‘एनेबल लॉग’ घ्या. मग प्रॉपर्टीजमध्ये साइझ १०२८ केबीवरून १०२४० केबी करा. १०२८ केबीमध्ये गजबजलेल्या ऑफिसचे थोडेच दिवस मावतात.

यापुढे प्रत्येक यशस्वी प्रिंटला ३०७ ची नोंद येईल: कोणाचं, कुठल्या पीसीवरून, कुठल्या प्रिंटरवर, किती पानं. कागदपत्राचं नाव सुरुवातीला दिसणार नाही. ते हवं असेल तर प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स इथं ‘अलाउ जॉब नेम इन इव्हेंट लॉग्ज’ चालू करा. चलनाच्या तीन प्रती काढल्या तरी ३०७ मधली पानं एकाच प्रतीची असू शकतात. प्रतींचा आकडा ८०५ च्या नोंदीत असतो. कागदाचा हिशेब जुळत नाही अशी तक्रार करण्याआधी ती बघा.

३०७ चा अर्थ नीट समजून घ्या. विंडोजनं काम प्रिंटरच्या हवाली केलं, एवढंच ती सांगते. कागद बाहेर आला की नाही, हे तिला माहीत नसतं. म्हणून चलन निघालं नाही आणि ३०७ आहे, तर दोष केबल, प्रिंटर, ट्रे, कागद यांत शोधा. ३०७ नाही पण अ‍ॅडमिन लॉगमध्ये ३७२ आहे, तर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सर्व्हिस) किंवा ड्रायव्हरमध्ये. दोन्ही नाहीत, तर काम या पीसीपर्यंत पोचलंच नाही. पाठवणाऱ्या पीसीचं नेटवर्क आणि तिथं डिफॉल्ट म्हणून कुठला प्रिंटर निवडलाय, ते तपासा. विंडोजचं ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे सेटिंग चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो आणि चलनं भलत्याच प्रिंटरवर किंवा पीडीएफमध्ये जातात. अशा तक्रारीत मी ते सगळ्यात आधी बंद करायला सांगेन.

फाइल्स गायब होण्याच्या तपासाला सगळ्यात जास्त काळजी लागते, कारण त्यात माणसांची नावं येतात. लॉग लावण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा. आणि तीन जण एकाच नावानं लॉगिन करत असतील तर लॉग लावून उपयोग नाही. प्रत्येकाला वेगळं युजर अकाउंट द्या, शेअर फोल्डरलाही त्याच नावांनी परवानगी द्या.

फोल्डर ज्या पीसीवर आहे तिथं लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा. विंडोज होम आवृत्तीत ही खिडकी नसते, प्रो लागते. अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी कॉन्फिगरेशनमध्ये ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेस, त्यात ‘ऑडिट फाइल सिस्टम’, तिथं सक्सेसला खूण करा. लगेच लॉगऑन/लॉगऑफ गटात जाऊन ‘ऑडिट लॉगऑन’मध्ये सक्सेस आणि फेल्युअर दोन्हींना खूण करा. हे राहिलं तर पुढं अडाल: अ‍ॅडव्हान्स्ड पॉलिसी लागू होताना आधीची ऑडिट सेटिंग्ज पुसली जातात आणि लॉगिनच्या नोंदी येणं थांबू शकतं.

ही झाली अर्धी बाजू. आता त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, ऑडिटिंग, अ‍ॅड. प्रिन्सिपल म्हणून एव्हरीवन, टाइप सक्सेस, लागू कुठं तर हे फोल्डर, उपफोल्डर आणि फाइल्स. अ‍ॅडव्हान्स्ड परमिशन्स दाखवा, सगळ्या खुणा काढा आणि फक्त दोनच करा: ‘डिलीट’ आणि ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’. रीडला खूण राहिली तर कोणी फोल्डर नुसतं उघडलं तरी नोंदींचा पूर येईल, सिक्युरिटी लॉग काही तासांत भरून जुन्या नोंदी पुसल्या जातील आणि पीसीही जड होईल. फोल्डर एनटीएफएस डिस्कवर असायला हवं. एक्सफॅट पेन ड्राइव्हवर ही सोय नाही. सिक्युरिटी लॉगची साइझ १९६६०८ केबी, म्हणजे १९२ एमबी करा.

मग एक रिकामी फाइल तयार करून दुसऱ्या पीसीवरून काढून टाका आणि नोंद येते का ते बघा. ही चाचणी केल्याशिवाय लॉग चालू झाला असं समजू नका.

वाचताना ४६६३ शोधा: त्यात फाइलचा पूर्ण पत्ता, युजर आणि ‘डिलीट’ हा अ‍ॅक्सेस दिसतो. ४६६० ही प्रत्यक्ष काढल्याची नोंद, पण तिच्यात फाइलचं नाव नसतं. दोन्ही नोंदींमधला हँडल आयडी (फाइल उघडताना विंडोजनं तिला दिलेला तात्पुरता क्रमांक) जुळवावा लागतो. काम कुठल्या पीसीवरून झालं ते हवं असेल तर नोंदीतला लॉगऑन आयडी घेऊन त्याच आयडीची ४६२४, म्हणजे लॉगिनची नोंद, शोधा. नेटवर्कवरून आलेल्या लॉगिनचा टाइप ३ असतो आणि त्यात त्या पीसीचा आयपी पत्ता दिसतो.

कोणावर बोट ठेवण्याआधी हे ध्यानात घ्या. ४६६३ मध्ये ‘डिलीट’ दिसलं म्हणजे फाइल काढलीच असं नाही. नाव बदलताना आणि त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतानाही तोच अधिकार वापरला जातो, तेव्हा मात्र ४६६० येत नाही. एक्सेल तर प्रत्येक सेव्हला तात्पुरती फाइल लिहून जुनी बाजूला सारतं आणि मग काढतं, त्यामुळे दिवसभर प्रामाणिकपणे काम करणाऱ्याच्या नावावर डझनावारी डिलीट दिसतात. गायब झालेल्या फाइलचं नेमकं नाव आणि ती शेवटची कधी दिसली होती, ही दोन टोकं धरून मधल्या नोंदी वाचा. बऱ्याचदा फाइल माउस ओढताना शेजारच्या फोल्डरमध्ये गेलेली असते. आधी शोधून बघा. नेटवर्कवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून लॉग काहीही सांगो, या फोल्डरचा रोज बॅकअप हवाच.

इव्हेंट व्ह्यूअरच्या व्ह्यू मेनूत ‘शो अ‍ॅनालिटिक अँड डीबग लॉग्ज’ असाही पर्याय आहे. कोणी ते सगळे चालू करायला सांगितलं तर करू नका. ते फार बारीक नोंदी लिहितात, भरले की सहसा लिहिणं थांबवतात आणि पुन्हा चालू करताना आधीच्या नोंदी पुसल्या जातात. दोष हवा तेव्हा मुद्दाम घडवता येत असेल तरच ते वापरायचे: एकच लॉग चालू करा, दोष घडवा, लगेच बंद करा, मग वाचा.

दुरुस्ती करणाऱ्याला स्क्रीनचे फोटो पाठवू नका. त्या लॉगवर राइट क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज’ घ्या आणि पुढं विचारलं की ‘डिस्प्ले इन्फर्मेशन फॉर दीज लँग्वेजेस’मध्ये इंग्लिश निवडा. त्यानं सोबत एक छोटं फोल्डर तयार होतं, तेही फाइलबरोबर द्या. नाहीतर त्यांच्या पीसीवर आकडे दिसतील आणि वर्णनाच्या जागी ‘डिस्क्रिप्शन सापडत नाही’ असं येईल. डंप द्यायचा झाला तर आधी मिनीडंप द्या. मोठ्या डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेल्या तुमच्या कामाचे तुकडे असू शकतात, तो ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसालाच द्यावा.